डोळे मिटलेलं प्रवाळ

दगड कोरडा असताना ओळखणारा माणूस मिशिगन सरोवराच्या आमच्या किनाऱ्यावर एकच आहे, आणि तो मी. जे झालं त्यानंतरही मी हेच म्हणतो.

आमचा पिटॉस्की दगड म्हणजे जुन्या समुद्रातलं प्रवाळ, लाटांनी घासून गुळगुळीत केलेलं. कोरडा असला की इतर करड्या गोट्यांसारखाच. ओला केला की मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरं उमटतात आणि घराघरात एक काळा डोळा. म्हणून आमच्याकडे बँकेचा मॅनेजरही किनाऱ्यावर दगड चाटताना दिसतो आणि कुणी घाबरून आपली ठेव मोडत नाही.

उन्हाळी जत्रेत पाहुण्यांचे दगड ओळखायची खुर्ची वर्षानुवर्षं माझी. यंदा गेरिट, म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षक, तिच्यावर टपला होता. जत्रा चालवणारी इर्मा म्हणाली, "उद्या दोघांनी एकेक दगड आणा. ज्याचा भारी, त्याची खुर्ची."

सकाळी आमच्या जुन्या धक्क्याखाली मला तो दिसला. कलिंगडाएवढा, करडा, कोरडा. पाहताक्षणी ओळखला. नंतर चाटला, तो निव्वळ शिष्टाचार म्हणून. बिस्किटाएवढी घरं!

"तिथे काल बदकं बसली होती," माझी बायको मेव्हिस म्हणाली.

ढकलगाडीतून स्वारी जत्रेत पोचली. गेरिटने खिशातून स्वतःचा सुपारीएवढा दगड काढला, माझा पाहिला आणि आपला परत खिशात ठेवला. मग भिंग लावलं.

"वेंडेल, घरं फार मोठी आहेत."

"खानदान मोठं असेल."

"आणि डोळे कुठायत?"

"पस्तीस कोटी वर्षं झोपलाय. मिटलेत."

"हे प्रवाळ नाही."

"नसेल तर खुर्ची तुझी," मी भरसभेत म्हणालो. "आण रे कुणीतरी बादली."

पाणी ओतलं. नक्षी अशी खुलली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाविकांची रांग लागली. इर्माने चाटला, पाद्रीबाबांनी टोपी काढून चाटला.

"लोखंडासारखी चव आहे," पाद्रीबाबा म्हणाले.

"जुना समुद्र होता, महाराज. खनिजं असणारच."

एवढ्यात दगडातून तांबडं पाणी ओघळलं. गेरिटने चाकूने एक रेघ कोरली आणि गंजलेली तार बाहेर ओढली.

"कोंबड्यांच्या खुराड्याची षट्कोनी जाळी," तो शांतपणे म्हणाला. "भोवती सिमेंट."

"प्रवाळात तार अडकू शकते," मी म्हणालो.

मेव्हिसने दगड उलटा केला. बुडाला बादलीच्या तळाची गोल कड उमटलेली होती.

"अरे, हा तर आपल्या होडीचा नांगर," ती म्हणाली. "तूच ओतला होतास की! मजबुतीला जाळी घालून. पहिल्याच वादळात होडी गेली, तर दोरीवर खापर फोडलंस."

"दोरीच कच्ची होती. नांगर बघ, अजून शाबूत आहे."

पाद्रीबाबा कोपऱ्यात चुळा भरत होते.

शब्द म्हणजे शब्द. खुर्ची गेरिटला दिली. पण टेबल सोडलं नाही. शेजारी तो नांगर मांडला आणि त्याच्यावरच बसलो. आता गेरिटकडे कितीही रांग असो, नवा माणूस आधी माझ्याकडेच येतो.

मुतारी कुठे आहे, असं विचारतो. तेही मी न चाटता सांगतो.