नाव घेतलं का?

रोज सकाळी साडेसातला शमुवेलराव आपल्या खोलीला कुलूप लावत आणि किल्ली आणून माझ्या हातावर ठेवत. ते परगावी निघालेले नसत. बारामतीच्या पेठेत एखाद्या दुकानाची पाटी रंगवायला जात आणि दुपारी भाकरी खायला परत येत. तरी किल्ली देताना रोज तेच सांगत, "मास्तर, मी वर उचलला गेलो तर शेळीला पाणी दाखवा. लिंबाचा पाला घालू नका, दूध कडू हुतं."

पहिल्या दिवशी मला वाटलं, ते शिडीवरून पडण्याबद्दल बोलताहेत. मी म्हणालो, "शिडी घट्ट धरा म्हणजे झालं."

ते हसले नाहीत. "शिडीचं न्हाय वो. प्रभू परत येईल तवा तुतारी वाजंल, आन् विश्वासणारे जागच्या जागी वर जाणार. मी जाणार हे पक्कं हाय. तुमचं तुमी बघा. पर शेळी हितंच ऱ्हाणार का न्हाय?"

मी लोणी भापकरचा. आमच्या घराण्यात बी. ए. झालेला पहिलाच. बारामतीच्या शाळेत मास्तरकी मिळाली आणि शमुवेलरावांच्या शेजारची खोली मिळाली. शेजारी अविश्वासी माणूस राहायला आला याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. आधीचा शेजारी त्यांच्यासारखाच ख्रिस्ती होता. तुतारीच्या दिवशी तोही वर जाणार, मग त्याच्यापाशी किल्ली ठेवून उपयोग काय? मी मागे राहणारा, म्हणून भरवशाचा.

गावात त्यांना सगळे हसत. मीही हसलो. आता त्यांची आठवण निघाली की हसू ओठांपर्यंत येतं आणि तिथंच राहतं.

त्यांचं मूळ नाव धोंडिबा. दौंडला रेल्वेच्या भिंती रंगवायला गेले असताना तिथल्या एका लहानशा ख्रिस्ती सभेत त्यांनी शास्त्र, म्हणजे बायबल, ऐकलं, बाप्तिस्मा घेतला आणि शमुवेल झाले. रंगाऱ्याचं काम मात्र सोडलं नाही. अक्षर असं देखणं की शेजारच्या गावांचे लोक पाट्या घेऊन येत. फक्त एका शब्दापाशी भांडण ठरलेलं. तो शब्द म्हणजे कृपा.

एका हॉटेलवाल्याला पाटी हवी होती, 'कृपया येथे थुंकू नये'. शमुवेलरावांनी 'येथे थुंकू नये' एवढंच लिहून दिलं. हॉटेलवाला चिडला. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "कृपेपायी देवाचा ल्योक मेला. ती मी थुकण्यापायी खर्चू व्हय?" दुसऱ्या एकानं नव्या घरावर 'देवीची कृपा' लिहायला सांगितलं, तर त्याला अर्धा तास भिंतीपाशी उभा करून विचारलं, "मिळाली का मागताय? मिळाली असंल तर फुकट मिळाली. मग नवस कशापायी?" त्या गृहस्थानं शेवटी घराला 'विश्रांती' असं नाव दिलं.

फुकट या शब्दावर त्यांचा फार जीव होता. ते मला एकदाच पुरतं कळलं. मी बी. ए. झालोय हे कळल्यावर त्यांनी आपण होऊन माझ्या दारासाठी पाटी रंगवली. नाव बारीक आणि 'बी. ए.' हातभर मोठं. मी भारावून गेलो. आमच्यात कुणाचं घेतलेलं अंगावर ठेवत नाहीत, म्हणून वडिलांनी गावाकडून गुळाची ढेप पाठवली. ढेप पाहून शमुवेलरावांचा चेहरा उतरला. "फेडायला निघालात मास्तर? फेडलं म्हंजे कृपा मेली." पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. किल्ली तेवढी देत होते. शेवटी मी ढेप परत लोणीला पाठवली, आणि जन्मात पहिल्यांदा एखादी गोष्ट नुसती घेतली. वाटतं तितकं ते सोपं नाही.

त्यांच्याजवळ मांजरपाटाचा एक लांबलचक पट होता. त्यावर त्यांनी सात मोठी वर्तुळं रंगवली होती. एकेक वर्तुळ म्हणजे देवानं माणसाशी वागण्याचं एकेक युग. पहिलं निर्दोषपणाचं. पाचवं नियमशास्त्राचं, ते काळ्याकुट्ट रंगात. सहावं कृपेचं, हिरवंगार, ऊस डोलावा तसं. सातवं राज्याचं, त्याला सोनेरी लावलेला. "आपुन सहाव्यात हाय," ते सांगत. "पाचव्यात देव म्हणायचा, करशील तर तरशील. सहाव्यात म्हणतो, मी केलंय, तू घे."

मी एकदा विचारलं, "मग विश्वास ठेवला की माणूस लगेच नीतिमान होतो?"

"हुतो कशाला? ठरतो. भिताडाला सफेती दिली म्हणून भिताड दुधाचं हुतंय का? आत मातीच ऱ्हाती. पर मालकाला पांढरं दिसतं. मी आत मातीच हाय मास्तर."

त्या हिवाळ्यात गावाबाहेरच्या नव्या साखर कारखान्याचा भोंगा पहिल्यांदा वाजला. कुणालाच त्याची सवय नव्हती. मी शाळेतून परतत होतो आणि शमुवेलराव पेठेत शिडीवर होते. 'वस्त्रभांडार' मधला 'भां' नुकताच पुरा झाला होता. भोंगा ऐकताच त्यांनी ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात नीट उभा केला, दोन्ही हात शिडीवरून सोडले, डोळे मिटले आणि तोंड वर केलं. भोंगा चांगला लांबला. खालून दुकानदार म्हणाला, "शमुवेलराव, निघाला असाल तर तेवढं 'डार' करून जावा."

पेठ हसली. त्यांनी डोळे उघडले, ब्रश पुसला आणि 'डा' काढायला घेतला. ब्रश डब्यात का ठेवलात, असं मी नंतर विचारलं. "वाळला तर वाया जातो. मागं ऱ्हाणाऱ्याला कामाला ईल."

दर आठवड्याला ते पट गुंडाळून इंदापूरच्या बाजाराला जात. बारामतीला बाजार असताना इतक्या लांब कशाला, हे मला कोडं होतं. मे महिन्याच्या सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर एस. टी.त बसलो. इंदापूरला त्यांनी एका चिंचेखाली दोन बांबूंना पट बांधला आणि बोलायला सुरुवात केली. ऐकायला चौघे होते, त्यांतले तिघे सावलीसाठी आलेले. समोर वांगी आणि कोथिंबीर घेऊन एक सावळी, ठसठशीत बाई बसली होती. शमुवेलराव पाचव्या युगात शिरले तशी ती मोठ्यानं म्हणाली, "अवं, आटपा की त्ये काळं. कोथमिरीनं माना टाकल्या."

सगळे हसले. शमुवेलरावांनी नियमशास्त्राचं अख्खं युग दोन वाक्यांत गुंडाळलं आणि कृपेवर आले. त्यानंतर ते एकदाही इतरांकडे पाहून बोलले नाहीत. चार माणसांना ऐकू जाईल असं बोलत होते, पण बोलत होते एकाच माणसाशी.

ती हौसाबाई, त्यांची बायको. बाप्तिस्म्याचं कळल्यावर तिचे भाऊ बैलगाडी घेऊन आले आणि तिला पळसदेवला माहेरी घेऊन गेले. त्याला नऊ वर्षं झाली होती. भावांनी उंबरा बंद केला, पण बाजार कोण बंद करणार? ती भावाच्या मळ्यातलं माळवं घेऊन इंदापूरला येई आणि हे पट घेऊन येत.

व्याख्यान संपल्यावर ते तिच्या भाजीच्या पाट्यांशेजारी टेकले. तिनं फडकं सोडून भाकरी मोडली, एक चतकोर मला दिला. मग त्यांनी खाली बघत विचारलं, "नाव घेतलं का?"

"कुणाचं?"

"कुणाचं म्हंजे? प्रभूचं. एकदा मनापासनं नाव घ्यायचं, एवढंच हाय. दुसरं काय करायचं न्हाय."

"तुमचं नाव कधी घेतलं न्हाय, तर परक्याचं घिऊ?" ती माझ्याकडे वळली. "लग्नात बायांनी उंबऱ्यावर आडवलं, नाव घे म्हणून. तासभर उभी हुते मी. न्हाय घेतलं."

शमुवेलराव हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी तेव्हाच पाहिलं. "तासभर. पाय सुजले हिचं. शेवटाला माझी आईच म्हणली, राहू द्या नाव, पोरीला आत घ्या."

"मग," हौसाबाई म्हणाली, "तुमच्या देवाला म्हणावं आईवानी वाग."

त्यांनी उठून पट सोडला. परतताना एस. टी.त भिगवणचा फाटा मागे पडल्यावर म्हणाले, "मास्तर, तिला ह्यो खेळ वाटतो. तुतारी वाजली तर मी जाणार आन् ती ऱ्हाणार. म्हणून तर किल्ली देतो तुमच्याजवळ. शेळी तिला वळखती. मी गेलो की पळसदेवला निरोप धाडा, घर तिचं हाय म्हणावं. मागनं तरी तिला पटंल." नऊ वर्षं दर बाजाराला ते तोच प्रश्न विचारत होते आणि तीच टिंगल ऐकून परत येत होते.

श्रावणात पळसदेवहून माणूस आला. हौसाबाईला ताप भरला होता, तिसऱ्या दिवशी ती गेली, असा निरोप होता. आम्ही पोचलो तेव्हा भीमेच्या काठावरून माणसं परतलीही होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा शमुवेलराव त्या दारात उभे राहिले. थोरला मेव्हणा बाहेर आला, पाया पडला आणि म्हणाला, "दाजी, लई उशीर झाला."

शमुवेलरावांनी एवढंच विचारलं, "नाव घेतलं का तिनं?"

"घेतलं की," मेव्हणा लगेच म्हणाला.

शमुवेलरावांनी चौकट धरली. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. कोऱ्या पाटीवर पहिला रंग चढावा तसा तो उजळत गेला. "कसं घेतलं? सांग. जसंच्या तसं सांग."

"पहाटंपासनं घेत हुती. आमाला आधी उमजंना कुणाला हाक मारती. आमी तुमाला धोंडिबाच म्हणतो न्हवं. ती शामवेल, शामवेल करत हुती. चारचौघांत, दाजी. भावकीदेखत. जलमात ज्या बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं न्हाय, तिनं शेवटाला तुमचं नाव घेतलं. लई भाग्याचं हाय तुमी."

त्या माणसाला वाटलं, आपण दाजींना मोठं सुख देत आहोत. शमुवेलरावांनी चौकट सोडली आणि चपला घालायला खाली वाकले. बराच वेळ वाकलेलेच होते.

वाटेत मी त्यांची समजूत घालू पाहिली. म्हणालो, तिनं तुमचं बाप्तिस्म्याचं नाव घेतलं, माहेरी ज्याचा उच्चारही होत नव्हता ते. ते काहीच नाही का?

"ते माझं नाव हाय मास्तर. माझ्या नावानं कुणी तरत न्हाय."

चौथ्या दिवशी मी धीर करून त्यांच्या दाराशी गेलो. ते शास्त्र उघडून बसले होते. मी म्हणालो, "तुमच्या आईनं तिला नाव न घेता आत घेतलंच होतं."

त्यांनी चष्मा काढला. डोळे लाल होते. "मला काय तेच सुचलं नसंल? तीन दिस तेच हुडकतोय. तसं लिहिलेलं न्हाय." पानं उलटत पुन्हा म्हणाले, "न्हाय मास्तर. कुठंच न्हाय."

दुसऱ्या दिवशी साडेसातला किल्ली आली नाही. मी वाट पाहून दाराशी गेलो, तर कुलूप लावून ते ओट्याच्या पायऱ्या उतरत होते. "आता राहू द्या," म्हणाले. इंदापूरला जाणंही थांबलं. पट गुंडाळून शेळीच्या वर आढ्याला टांगून ठेवला.

ऊस तयार होऊन कारखान्याचा नवा हंगाम सुरू झाला, तेव्हा एका दुपारी मी पेठेतून जात होतो. शमुवेलराव एका दवाखान्याची पाटी रंगवत शिडीवर उभे होते. पाच-सहा महिने बंद असलेला भोंगा एकाएकी वाजला. कोपऱ्यावरचा पानवाला ओरडला, "शमुवेलराव, निघा."

ब्रश त्यांच्या हातून निसटून धुळीत पडला. त्यांनी वर पाहिलं नाही. कुणी वर ओढत असल्यासारखी शिडीची पायरी दोन्ही हातांनी कवटाळून, भिंतीला कपाळ टेकून, डोळे घट्ट मिटून ते उभे राहिले. मी धावत जाऊन खालून शिडी धरली. भोंगा थांबला, पेठ पुन्हा आपल्या कामाला लागली, तरी त्यांनी हात सोडले नाहीत.