जिन्यानंतरची नाडी

माझ्या तोडीचा गुप्तहेर आमच्या घराण्यात झाला नाही. हरवलेला चष्मा कपाळावरच आहे, हे मी निव्वळ तर्काने ओळखते. फक्त त्याआधी सगळं घर उपसावं लागतं. बाबा गेल्यापासून मला स्वस्थ बसवत नव्हतं, म्हणून आईच्या नाडीचं प्रकरण मी आपणहून हाती घेतलं.

प्रकरण असं. आजारपणानंतर आईला जिना चढायचा व्यायाम सांगितला होता. चढून आल्यावर नाडी लवकर उतरायला हवी. नाही उतरली तर तिसऱ्या मजल्यावरचं हे घर सोडून माझ्याकडे तळमजल्यावर राहायला जायचं, असं फिजिओबाईंनी बजावलं होतं. आईने माझ्या घराचं कौतुक केलं आणि इथले पडदे धुवायला काढले. त्यावरून मी तिचा नकार ताडला. बरोबर निघालेला माझा हा एकमेव तर्क.

बोटाला लावायचं यंत्र घेऊन मी पाळत ठेवली. नाडी कधी झरझर उतरे, कधी अडून बसे. पहिला संशय यंत्राच्या सेलवर. ते निर्दोष सुटले. दुसरा चहावर. त्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करताना मीच चार कप प्यायले. मग ध्यानात आलं, नाडी उतरते तेव्हा टेपवर बाबांच्या माउथ ऑर्गनची कॅसेट चालू असते.

संगीत! संथ लय ऐकली की दमलेलं हृदय तिच्या चालीने चालू लागतं, असं मी कुठेसं वाचलं होतं. मी संथ बासरी लावली. नाडी ढिम्म. सतार लावली. छान आहे, म्हणत आई कपड्यांच्या घड्या घालायला उठली. बाबांची कॅसेट लावली; नाडी उतरली.

आता, बाबांच्या वाजवण्यात लय होती असा आरोप त्यांच्यावर शत्रूही करणार नाही. ते एक ओळ धरायला जात आणि ती निसटे, पुन्हा पाठलाग. तेव्हा मी अंतिम सिद्धांत मांडला: सहजीवन, स्मृती, ओळखीच्या श्वासाचा हृदयावरचा परिणाम. शेवटी माझा आवाज जरा बिघडला. तो मी खोकल्याच्या नावावर घातला.

आईने सगळं ऐकून घेतलं. "अगं, बसते म्हणून उतरते."

"म्हणजे?"

"बाकीच्या गाण्यांना कोण बसतंय? कामं पडलेली असतात. ह्यांचं वाजत असताना मधेच उठलं की रुसायचे."

फिजिओबाईंना फोन लावला. चढून आल्यावर शांत बसायचं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. तेवढं पाळलं तर घर सोडायचं कारण नाही. त्या दिवशी मी बहुधा सेल आणायला गेले होते.

प्रकरण मिटलं. मी टेप बंद करायला उठले.

"बस," आई म्हणाली. "संपलं नाहीये त्यांचं."

मी बसले. आईने स्वतःच्या बोटाचं यंत्र काढून माझ्या बोटाला लावलं. टेपवर बाबांच्या हातून तीच ओळ पुन्हा निसटली.