सातवी पायरी कामावर गेली आहे

गेल्या महिन्यात एका मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, कंपनीने आमच्या सोसायटीच्या जिन्यातली सातवी पायरी रीतसर ताब्यात घेतली. चार माणसं आली होती. त्यांनी पायरी सोडवली, ओल्या फडक्याने पुसली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि टेम्पोत आडवी ठेवली. जाताना माझी सही घेतली. कागदावर 'पायरी, नग एक, स्थिती चांगली, उजव्या कोपऱ्यात टवका' असं लिहिलं होतं. टवका आधीपासूनचा आहे, हे मी त्यांच्याकडून वेगळं लिहून घेतलं. नंतर कोणी आपल्यावर ढकलायला नको.

चूक माझीच होती. सातपूरला स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या वस्तू बनवणारी आमची कंपनी आहे, तिथे मी नव्या वस्तूंच्या विभागात आहे. काही सुचलं की एक फॉर्म भरून उगम विभागाकडे द्यायचा असतो. त्यात तिसरा रकाना आहे : 'कल्पना नेमकी कुठे सुचली?' तिथे सगळे वर्षानुवर्षं 'कार्यालयात, स्वतःच्या टेबलावर' असं लिहितात. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि मी फॉर्म नीट वाचून भरणाऱ्यांतली आहे. मुलाच्या लसीकरणाच्या कार्डावर 'इतर माहिती' असा रकाना होता, तिथे मी अर्धं पान लिहून वर पुरवणी जोडली होती. तेव्हा इथेही खरं ते लिहिलं : 'घरी, जिन्यात, सातव्या पायरीवर.' वर्षभरात चार वेळा लिहिलं.

उगम विभागाचे बागूल साहेब चारही फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, एका हाताने उघडणारा डबा, दोरीवर न सरकणारा चिमटा, ही किसणी आणि हे झाकण. चारही एकाच पायरीवर?"

"हो सर."

"सहावीवर काही?"

"नाही सर."

"आठवीवर?"

"संध्याकाळी आठवीपर्यंत आम्ही जातच नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. "म्हणजे ती पायरी कंपनीचं काम करते आहे. कंपनीचं काम करणारी वस्तू कंपनीच्या आवारात पाहिजे. नियम चौदा."

आम्ही आठवीपर्यंत का जात नाही, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. कारण निहार आहे. निहार पंधरा महिन्यांचा आहे, नऊ किलोचा आहे आणि सातव्या पायरीखेरीज कुठेही झोपत नाही. सगळं करून पाहिलं. मंद दिवा, अंगाई, तेल लावून आंघोळ. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आमचा केदार तर आपला आपण झोपायचा," आणि केदार माझ्याकडे न बघता पंखा पुसायला लागला. शेवटी एकदा वैतागून मी निहारला खांद्यावर टाकून जिना चढायला लागले, मोठ्याने मोजत. एक, दोन, तीन. सात म्हटल्यावर त्याने मान टाकली. तेव्हापासून रोज संध्याकाळी आठ वाजता आम्ही तळमजल्यावरून निघतो आणि सातवर थांबतो. मग वीस मिनिटं हलायचं नाही. दोन्ही हात त्याच्याखाली, फोन घरात, नाक खाजलं तरी खाजू द्यायचं. अशा वेळी माणसाला काहीतरी सुचण्यावाचून दुसरा उद्योगच राहत नाही.

पायरी न्यायला सोसायटीची परवानगी लागणार होती. आमचे सेक्रेटरी सोनवणे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांनी बागूल साहेबांचं पत्र तीनदा वाचलं.

"कायमची नेणार की प्रतिनियुक्तीवर?"

"सध्या प्रतिनियुक्तीवर," बागूल साहेब म्हणाले.

"मग हरकत नाही. पण रहिवाशांना कळलं पाहिजे. तिथे पाटी लावा."

कंपनीने पाटी लावली. निळ्या अक्षरांत : 'सातवी पायरी कामावर गेली आहे. कृपया सहावीवरून आठवीवर जावे.' लोक जाऊ लागले. पहिल्या मजल्यावरच्या टिळेकर काकू, ज्यांच्याकडे मी कामावर जाताना निहारला ठेवते, त्या साडी उचलून ओलांडताना म्हणाल्या, "अगं शाल्मली, तुझ्या आधी तुझी पायरी पर्मनंट होईल बघ." मी हसले. पण मी अजून प्रोबेशनवर होते, त्यामुळे घरी जाऊन त्यावर थोडा विचारही केला.

त्या संध्याकाळी आठ वाजता आम्ही निघालो. सहा म्हटलं. निहारने खाली खड्ड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि वाट बघत राहिला. मी सहावीवर उभं राहूनच सात म्हणून पाहिलं. तो रागावला. केदारने तिथे लाकडी खोकं ठेवलं. निहारने खोक्याला हात लावून पाहिला आणि आणखी रागावला. मग तो झोपलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी ऑफिसात पाण्याच्या बाटलीऐवजी त्याची दुधाची बाटली तोंडाला लावली, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. बागूल साहेबांच्या आलं.

ऑफिसात पायरीची व्यवस्था उत्तम होती. वातानुकूलित खोली, खाली लाल जाजम, दारावर 'उगम कक्ष'. आमच्या विभागातले अकरा जण पाळीपाळीने तिच्यावर वीस-वीस मिनिटं बसायचे. कोणाला काही सुचत नव्हतं. मलाही नाही.

"पायरी बुजली असेल," बागूल साहेब म्हणाले. "तिच्या आसपास काय काय असायचं, सांगा."

मी सांगितलं. लुकलुकणारा बल्ब. सोनवणे काकांचं चपलांचं स्टँड. टिळेकर काकूंच्या घरातून येणारा फोडणीचा वास. बल्ब दुसऱ्या दिवशी आला, पण इथल्या विजेवर लुकलुकेना, म्हणून तो लुकलुकवायला एक वायरमन नेमला. स्टँड चपलांसकट आलं. सोनवणे काका आठवडाभर स्लिपरवर फिरले, पण पावती त्यांनी फाइलला लावली. काकूंना तीन दिवसांच्या प्रतिनियुक्तीचं पत्र गेलं. तेवढे दिवस केदारने रजा टाकून निहारला सांभाळलं. काकू कढई, मोहरी आणि स्वतःचा झारा घेऊन आल्या, कोपऱ्यात शेगडीपाशी बसल्या आणि दर अर्ध्या तासाने फोडणी घालू लागल्या.

"तुम्हाला कामं नाहीत का रे?" पायरीवर बसलेल्या इंजिनियरला त्या म्हणाल्या.

"हेच काम आहे काकू."

"मग चेहरा असा का? पोट साफ होत नाही का?"

तरी सुचेना. शेवटी बागूल साहेबांनी मला पायरीवर बसवलं आणि लांबून निरखलं. "मॅडम, तुमचे हात. तुम्हाला ते कुठे ठेवावेत कळत नाहीये. घरी हातांत काही असायचं का? या फॉर्मवर लिहा."

मी फॉर्ममध्ये आयुष्यात खोटं लिहिलेलं नव्हतं. पण खरं लिहिलं तर काय होईल हे मला स्वच्छ दिसत होतं. चादर, टेम्पो, 'नग एक, स्थिती चांगली'. मी लिहिलं : 'ज्वारीची पिशवी, अंदाजे नऊ किलो, डाव्या खांद्यावर.'

अकरा पिशव्या आल्या. सगळे ज्वारी खांद्यावर घेऊन बसू लागले. एक-दोघं नकळत पिशवीला थोपटायलाही लागले. आमच्यातला एक जण पायरीवर गाढ झोपला, त्याची बागूल साहेबांनी 'आंशिक यश' अशी नोंद केली. मला वाटलं, निभावलं.

तिसऱ्या दिवशी काकू मोहरी तडतडवत म्हणाल्या, "ज्वारी कसली डोंबलाची? तिच्या खांद्यावर तर निहार असतो."

पायरीवरच्या इंजिनियरने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग झाऱ्याकडे पाहिलं. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "सांगायचं नव्हतं का?"

बागूल साहेब रागावले नाहीत. त्यांनी फक्त नवीन पत्र तयार केलं. 'नऊ किलो वजनाची बाब, नाव निहार, ही सोमवारी सकाळी साडेअकरा वाजता उगम कक्षात रुजू होईल. कामाची वेळ नऊ ते सहा.' खाली टीप होती की बाबीने स्वतःचं दूध आणावं.

"सर, तो माझा मुलगा आहे."

"असेल ना. पायरी काय सोसायटीची नव्हती?" ते खरोखर समजुतीने बोलत होते. "मॅडम, कल्पना पायरीमुळे येत नाहीत, हे आता सिद्ध झालंय. मग राहतं काय? तुम्हीच मला दुसरा उगम दाखवा, मी हे पत्र मागे घेतो."

तो शुक्रवार होता. संध्याकाळी आठ वाजता मी निहारला घेऊन जिन्यात गेले. सवय, दुसरं काय. सहावीवर बसले आणि पाय खड्ड्यात सोडले. खाली गार हवा होती. निहार झोपला नव्हता, तोही माझ्या खांद्यावरून मान वळवून खड्ड्यात बघत होता. सोमवारी याला ऑफिसात कोणकोण खांद्यावर घेईल, त्यांचे हात धुतलेले असतील का, थोपटताना ते पाठीवर थोपटतील की भलतीकडेच, असं सगळं डोक्यात चाललेलं. आणि मधेच, काहीही कारण नसताना, मसाल्याचा डबा दिसला. सात वाट्यांचा. मधली सातवी वाटी काढून टाकायची. तिथे काहीच ठेवायचं नाही. मग चमचा आडवा राहतो, हळदीत बुडत नाही.

शनिवारी सकाळी मी फॉर्म भरला. तिसऱ्या रकान्यात लिहिलं : 'घरी, जिन्यात, सातव्या पायरीच्या जागी जी मोकळी जागा आहे तिच्यात.' पुढे 'हातांची स्थिती' असा नवा रकाना छापला होता. तिथे मी थोडा वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं : 'रिकामे.'

बागूल साहेबांनी फॉर्म वाचला आणि मसाल्याच्या डब्याचं चित्र पाहिलं.

"म्हणजे पायरी नव्हतीच मुळी," ते म्हणाले. "जागा होती. पायरी नुसती तिच्यावर बसलेली होती." त्यांनी निहारच्या पत्रावर रेघ मारली, खाली सही केली, तारीख घातली.

सोमवारी साडेअकराला तीच चार माणसं आली. या वेळी त्यांनी मोठं खोकं आणलं होतं. मोकळी जागा पायरीपेक्षा जड निघाली, दोघांना उचलेना. तिला खोक्यात घातलं, कडेने वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, चिकटपट्टी मारली आणि वर 'हा भाग वर' असं लिहिलं. पावतीवर 'मोकळी जागा, नग एक' असं होतं. सोनवणे काकांनी 'आत काही नाही' हे तपासून मगच सही केली.

जागा गेल्यावर सहावी आणि आठवी पायरी एकमेकींना येऊन लागल्या. काकूंनी साडी न उचलता चढून पाहिलं आणि "आता बरं झालं" म्हणाल्या. सोनवणे काकांनी जिना वरपासून खालपर्यंत मोजला आणि सोसायटीच्या नोंदवहीत अठराच्या जागी सतरा केलं. पाटी मात्र काढू दिली नाही. "पायरी अजून प्रतिनियुक्तीवर आहे," ते म्हणाले. "आपल्याकडून नोंद पुसायची नसते."

संध्याकाळी आठ वाजता मी निहारला खांद्यावर घेतलं. माझा भरवसा नव्हता. आठवी ती आठवीच, तिच्या कोपऱ्यात टवकाही नाही. मी मोजायला लागले. पाच, सहा. निहारने मान वर करून पाहिलं. मी पाय पुढे टाकला आणि म्हटलं, सात.

त्याने मान टाकली.

मी बसले. दोन्ही हात त्याच्याखाली. काकूंकडे कसलीतरी फोडणी पडली. वरचा बल्ब अजून कंपनीतच आहे, त्यामुळे अंधार होता आणि बरं वाटत होतं. नाक खाजत होतं. दहाएक मिनिटांनी मला झाऱ्याबद्दल काहीतरी सुचलं, चांगलं होतं.

सकाळी ऑफिसात गेल्यावर फॉर्म घेतला आणि सगळे रकाने नीट भरले. तिसऱ्या रकान्यात लिहिलं : 'कार्यालयात, स्वतःच्या टेबलावर.'