शेवटच्या रांगेतली जागा

कॉलेजच्या नावनोंदणीला आर्डिथ प्रुएट सगळ्यांच्या आधी पोचली, तिथेच तिचा घात झाला. गुडघा ठणकत होता आणि सल्लागाराच्या टेबलामागची खुर्ची रिकामी होती, म्हणून ती जरा टेकली. सल्लागार लँबर्ट कॉफी आणायला गेला होता.

केंटकीच्या त्या डोंगराळ भागात एकोणतीस वर्षं ती शाळेची पिवळी बस चालवत होती. पोरांना शाळेच्या दारात उतरवायचं आणि दारातूनच माघारी फिरायचं. आत काय शिकवतात, याची तिला फार ओढ होती. आता सत्तावन्नाव्या वर्षी ती आत जाणार होती.

तेवढ्यात तिच्या बसमधला कोल्बी रेन्स, तीच सल्लागार असं समजून, समोर येऊन उभा राहिला. "मिस आर्डिथ, निबंधलेखनाचा आठचा वर्ग घेऊ का?"

"आठचा? तुझ्या फाटकापाशी मी बारा वर्षं हॉर्न वाजवलाय. मुकाट्यानं दहाचा घे."

कोल्बीच्या मागे रांग लागली. निम्मी पोरं तिच्याच बसमधली. वळणावर ज्याला मळमळायचं त्याचं नर्सिंगचं खूळ तिने काढून टाकलं. उशिरा उठणारे सगळे दहाच्या वर्गाला लावले. लँबर्ट परत आला, भराभर सरकणारी रांग बघितली, कॉलेजने अखेर मदतीला माणूस नेमलं असं समजला आणि कोपऱ्यात बसून निवांत कॉफी प्यायला.

शेवटी आर्डिथने लँबर्टला स्वतःचं सांगितलं. सकाळची फेरी नऊला संपते, दुपारची दोनला सुरू होते. मधे बसणारा एकच वर्ग, निबंधलेखनाचा, दहाचा.

"तो भरला की," लँबर्ट म्हणाला. "चोवीसच्या चोवीस जागा. सकाळी अख्खा रिकामा होता. एवढी पोरं कुणी पाठवली कोण जाणे."

आर्डिथने चष्मा पुसला आणि पुसतच राहिली.

प्रतीक्षा यादीत तिचा पहिला नंबर लागला. वर्गाच्या पहिल्या दिवशी जो दहा मिनिटांत येणार नाही त्याची जागा तिला. कोण येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी फेरी संपवून ती आपल्या गाडीने निघाली. वाटेत कोल्बीचं घर लागलं. पडदे ओढलेले होते. झोपू दे मेल्याला, असं तिला अगदी मनापासून वाटलं. पण हाताला एकोणतीस वर्षांची खोड. हॉर्न वाजला. एक बूट पायात, एक हातात घेऊन कोल्बी धावत आला आणि सवयीने मागच्या सीटवर बसला.

वर्गात हॅस्किन्स सरांनी डोकी मोजली. चोवीस. "बसा, फोन ठेवा," ते परत परत सांगत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. आर्डिथ उंबऱ्याबाहेर प्रतीक्षा यादीची चिठ्ठी धरून उभी होती. पुन्हा दारातच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. निघताना तिने पोरांकडे एकदा पाहिलं, बसच्या आरशातून पाहायची तसं.

वर्ग चिडीचूप झाला. फोन खिशात गेले. कुणीतरी च्युइंगम गिळलं.

हॅस्किन्स सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग वर्गाकडे. जास्तीचा एक विद्यार्थी घ्यायचा त्यांना अधिकार होता. त्यांनी चिठ्ठी ओढून घेऊन सही ठोकली. "बाई, तुम्ही इथे पुढे बसा. माझ्याजवळ."

"नको सर," आर्डिथ म्हणाली. "आयुष्यभर पुढेच बसलेय."

आणि ती अगदी शेवटच्या रांगेत, खिडकीशी जाऊन बसली.