चांद्याची खांदमळणी

"मिस्त्री काहून पायजे? दोन पाने, एक जॅक अन् मी! संध्याकाळच्या आत गाडी सरळ!"

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी सक्करदऱ्याच्या रुपरावांनी अशी घोषणा केली, तेव्हा त्यांच्या पत्नी प्रेमिलाबाईंनी अंगणातली पाण्याची मडकी एकेक करून आत नेली. मागच्या खेपेला रुपरावांनी असंच "मिस्त्री काहून पायजे?" म्हणत विहिरीचा रहाट दुरुस्त केला होता. बादली अजून विहिरीतच होती!

या वेळी पाळी होती पिकअपची. सत्तेचाळीस सालची ती विलायती गाडी रुपरावांनी एका जंगल ठेकेदाराकडून घेतली, तेव्हाच ती तिच्या तिसऱ्या का चौथ्या धन्याला कंटाळलेली होती. पुढच्या दोन दिव्यांपैकी एकच शिल्लक होता, म्हणून रुपरावांच्या आईने, प्रयागबाईंनी, तिचं नाव ठेवलं चांद्या. कपाळावर चांद असलेला बैल असतो ना, तसा! गाडीला कुणी 'ती' म्हटलेलं त्यांना खपत नसे.

त्याला कारण होतं. रुपरावांच्या जोडीतला एक बैल म्हातारपणाने गेला, दुसरा त्याच्यावाचून जू घेईना, म्हणून विकावा लागला. मग भाजीपाला बाजारात न्यायला आली ही गाडी. सोय झाली, पण गोठा ओस पडला. पोळ्याला सगळ्या आळीत आरत्या ओवाळल्या जात असताना प्रयागबाई दार लावून आत बसायच्या. सलग दोन वर्षं रुपरावांनी ते बंद दार पाहिलं आणि त्यांना घास गेला नाही. या वर्षी आईच्या ताटासमोर काहीतरी उभं करायचंच, असं त्यांनी ठरवलं. बैल नाही तर चांद्या!

पण पोळ्यात गाडी उभी करायची तर मानकऱ्यांची परवानगी हवी. मानकरी होते चंपतराव. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं की आधी त्यांची जोडी त्याखालून जायची, मग तोरण तुटायचं, मग पोळा फुटायचा आणि मग बाकीचे बैल घरोघरी निघायचे. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान!

चंपतरावांनी चांद्याभोवती एक चक्कर मारली आणि मिशीवरून हात फिरवला.

"रुपराव, तुह्या बैलाच्या पुढच्या तंगड्या वाकड्या हाये गा. डावीकडे असा कलला हाये, जसा कोणाच्या कानात काही सांगून राहिला! लोक पोळा पाहाले येते का तमाशा? सरळ उभा राहात असन तं आन. अन् तेही एकदम मागं, कोपऱ्यात!"

"राहीन ना भाऊ! लग्नातल्या नवरदेवासारखा उभा राहीन!"

घरी प्रेमिलाबाईंनी आपली अट घातली.

"अन् लोकं हासले तं? मागच्या महिन्यात बाजारात हासले, मले पदरात तोंड लपवा लागलं. या वेळी हासले तं दुसऱ्या दिवशी ही गाडी भंगारात जाईन. बोला!"

"जाऊ दे! दिला शब्द!" रुपराव म्हणाले. शब्द द्यायला त्यांना कधीच वेळ लागत नसे.

मदतीला आला प्रेमिलाबाईंचा धाकटा भाऊ शालिकराम. हा भजनी मंडळात पेटी वाजवायचा आणि मोडलेल्या पेट्या दुरुस्तही करायचा. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू कानाने दुरुस्त होते, अशी त्याची पक्की समजूत होती. त्याने चांद्याचं बॉनेट दाबून सोडलं. गाडी 'कुईंऽऽ खडक' करून वर आली.

"भाऊजी, डावी कमान उतरली. उजवी सुरात हाये, पण आवाज बसला तिचा."

"मंग?"

"मंग खोला!"

खोलणं सोपं असतं हो! जॅक लावला, पुढचा आस उचलून विटांच्या थप्पीवर ठेवला, चाकं काढली. गाडीचा भार झेलणाऱ्या या कमानीचे लोखंडी पाटे एकावर एक घट्ट बांधलेले असतात आणि त्यांच्या मधोमध एक बोल्ट असतो. तो सावकाश सोडायचा असतो, हे रुपरावांना तो सुटल्यावर कळलं. धाडकन् आवाज झाला आणि पाटे अंगणभर उडाले! एक तुळशीपाशी, एक गोठ्यात, एक शेजारच्या अंजनाबाईंच्या दारात.

"प्रेमिला वं!" अंजनाबाई ओरडल्या. "तुह्या घरून लोखंड आलं!"

उजव्या कमानीच्या बाबतीत रुपरावांनी खबरदारी घेतली. म्हणजे बोल्ट सोडताना त्यांनी डोळे मिटले. आता दोन्ही कमानींचे पाटे एकमेकांत मिसळले. कुठला डावा नि कुठला उजवा, ब्रह्मदेवालाही सांगता येईना. पण शालिकराम मांडी घालून बसला, एकेका पाट्यावर पान्याने टिचकी मारू लागला आणि डोळे मिटून मान डोलवू लागला.

"हा षड्ज... हा पंचम... हा भाऊजी, बेसूर हाये, पण उजवीकडे खपून जाईन."

असे सुरांवर लावलेले पाटे बांधून कमानी पुन्हा चढवल्या आणि काय आश्चर्य! सूतभरही फरक नाही. चांद्याचा पुढचा आस एकदम समतोल! रुपरावांनी मेव्हण्याला मिठीच मारली. मिठीतून शालिकराम सुटला तो आपादमस्तक काळा होऊन.

तिथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण यशाने माणूस चेकाळतो. ज्या खिळीवर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं, ती किंगपिनही झिजली होती. "आता तेही करून टाकू!" म्हणून रुपरावांनी दोन्ही बाजूंचे ब्रेकचे ड्रमसुद्धा उतरवले. आतले अर्धगोल लायनर उघडे पडले. मग किंगपिन ठोकायला मोठा घण हवा म्हणून ते लोहाराकडे गेले. दिवस कलत आला होता.

आणि इकडे प्रयागबाई वाटी घेऊन अंगणात आल्या. वाटीत तूप आणि हळद, दुसऱ्या हातात पळसाची पानं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोललेला असतो. त्याला तूप-हळद चोळायची, कोमट पाण्यात भिजवलेल्या पानांनी शेकायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. दोन वर्षांत त्यांचे हात त्या कामाला आसुसले होते.

"शालिकराम, याचा खांदा कोणता गा?"

असं कुणी आदराने विचारलं की शालिकरामाला 'माहीत नाही' म्हणता येत नसे.

"सोपं हाये मावशी! बैलाले जू कुठं बसते? जिथं ओझं येते तिथं. गाडीचं ओझं कुठं येते? चाकावर. मंग चाक जिथं बसते तोच खांदा. ते पाहा ना, कसा गोल हाये!"

प्रयागबाईंनी पाहिलं. खरंच की! दोन्ही बाजूंना गोलसर, खरखरीत, झिजून काळे पडलेले खांदे.

"अगो बाई, किती सोलून निघाला रे माह्या राजा!" म्हणत त्या खाली बसल्या आणि त्यांनी वाटीभर तूप चारही लायनरांत मायेने जिरवलं. पानांनी शेकलं. पुन्हा चोळलं. मग चांद्याच्या एकुलत्या एक दिव्याजवळ तोंड नेऊन हळूच आवतण दिलं.

घण घेऊन रुपराव दारात आले ते नेमके या वेळी. आई गाडीशी बोलतेय, हे पाहून त्यांनी घण हळूच खाली टेकवला. दोन वर्षांनी तिच्या हाताला हळद लागली होती!

"भाऊजी, पुसून घेऊ काय?" शालिकरामाने दबक्या आवाजात विचारलं. "थोडं जास्तच लागलं."

"खबरदार! माह्या मायच्या हातची हळद हाये ते! अन् तूप काय, ग्रीस काय, चिकणाई सारखीच!"

आता ज्या लायनरने ड्रमला आतून करकचून धरायचं आणि गाडी थांबवायची, त्यालाच चिकणाई कशाला, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नाही. भरल्या डोळ्यांनी रुपरावांनी किंगपिन ठोकल्या, ड्रम आणि चाकं बसवली.

दुसऱ्या दिवशी चांद्या असा सजला की बैलांनी वळून पाहावं! बॉनेटवर झूल, आरशांना घुंगरं, दाराला गेरूचे ठिपके. घरापासून मैदानापर्यंत सगळा चढच होता, त्यामुळे पाय उचलला की गाडी आपोआप थांबायची. ब्रेकला काही कामच पडलं नाही. कुईं नाही, खडक नाही! पूर्वी चांद्या निघाला की चार आळ्या आधी कोंबड्या उडायच्या. आज तो बोक्यासारखा आला.

चंपतरावांनी वाकून पुढची चाकं पाहिली.

"सरळ हाये गा!"

"मंग! मिस्त्री काहून पायजे?"

चांद्याला मागच्या कोपऱ्यात उभं केलं. पुढे बैलांच्या रांगा, त्यापुढे तोरण आणि कोपऱ्यापासूनच लागलेला उतार, थेट तलावापर्यंत. हँडब्रेकचा उपयोग गेली कित्येक वर्षं फक्त पिशवी अडकवायला होत होता, म्हणून चाकापुढे एक मोठा दगड ठेवला. डोक्याला फेटा बांधून रुपराव स्टिअरिंगमागे घोड्यावरच्या नवरदेवासारखे बसले. वाजंत्री लागली.

शालिकरामाला वाटलं, आता चांद्यासमोर नारळ फोडावा. नारळ फोडायला दगड लागतो. दगड समोरच होता!

रुपरावांना आधी वाटलं, बैल मागे मागे येऊन राहिले. पोळा उलटा कसा काय चालला? मग त्यांना खरा प्रकार उमगला.

"शालिकराम! दगड! अबे, दगड!"

"पाहा भाऊजी, एका दणक्यात फुटला!" शालिकराम दोन्ही हातांत दोन वाट्या घेऊन नाचत होता.

रुपरावांनी ब्रेकवर पाय दिला. मग दोन्ही पाय दिले. मग सीटवरून उठून उभेच राहिले! गाडी थांबेना, पण पुढच्या चाकांतून सणासुदीच्या तळणीचा असा खमंग वास सुटला की पहिल्या रांगेतली माणसं कढई शोधू लागली. मागचे ब्रेक तर नावापुरतेच होते. हॉर्न कधीचा मुका. पूर्वीची खडखड असती तरी लोक सावध झाले असते! पण रुपरावांनी कमानी फारच उत्तम बसवल्या होत्या.

"हटा! हटा बाप्पा! चांद्या सुटला!"

दोन रांगांच्या मधून, एकाही शिंगाला न खेटता, चांद्या निघाला. तोरणाखाली चंपतरावांची जोडी चार पाय रोवून उभी होती आणि स्वतः चंपतराव घामाघूम होऊन मागून त्यांना ढकलत होते. त्यांच्या बाजूने चांद्या अलगद गेला. तोरण तट्‌कन तुटलं आणि झुलीवर पडलं. तोरण तुटलं की ढोल वाजवायचा, एवढंच वाजंत्र्यांना ठाऊक. त्यांनी वाजवला! ढोल वाजला की पळायचं, एवढंच बैलांना ठाऊक. ते पळाले! सगळा पोळा असा उधळला की विचारू नका. आणि सगळ्यांच्या पुढे, तोरण मिरवत, चांद्या तलावात शिरला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन थांबला.

रुपराव खाली उतरले. मानकऱ्यांचा मान मोडला होता. काठावर सारी आळी पोट धरून हसत होती, म्हणजे भंगाराचंही पक्कं झालं होतं. चंपतराव लाल चेहऱ्याने पाण्यापर्यंत आले. रुपरावांनी हात जोडले. त्यांचा आवाज खरोखरच कापत होता.

"भाऊ, मले जोड्यानं मारा. पण चांद्याले काही म्हणू नका. माय घरी ताट घेऊन बसली हाये."

चंपतरावांनी गाडीकडे पाहिलं. तोरणाखालून एकच दिवा त्यांच्याकडे टुकूटुकू बघत होता. त्यांच्या मिशा थरथरल्या, गाल फुगले आणि ते असे काही हसत सुटले की फेटाच पाण्यात पडला.

"माय माय माय! किती वर्सं झाले रे, माह्या जोडीले मागून ढकलून न्या लागते! हा एकटाच निघाला पठ्ठ्या, जो आपल्या मनानं गेला! रुपराव, पुढच्या वर्षी कोपऱ्यात नाही, माह्या बाजूले उभा करजो याले. पण दोरानं बांधून!"

मग त्यांनी आपली जोडी आणली, दोर लावला आणि चांद्याला बाहेर ओढलं. ओढत ओढतच घरापर्यंत नेलं. पुढे मानाची जोडी, मागे चिखलाने माखलेला चांद्या आणि त्यामागे हसून हसून दमलेली आळी.

प्रेमिलाबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. रुपरावांनी नजर चुकवली. त्या बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात आतून प्रयागबाई आल्या. हातात ताट, ताटात निरांजन आणि पुरणपोळी. त्यांनी चंपतरावांच्या बैलांचे पाय धुतले. एकाच्या मानेवर गाल टेकून त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग चांद्याकडे वळल्या. त्याच्या कपाळावर कुंकू लावलं, ओवाळलं आणि भरवायची जागा सापडेना म्हणून पुरणपोळी झुलीवर ठेवली. त्यांचे डोळे वाहत होते आणि चेहरा हसत होता.

प्रेमिलाबाईंनी उघडलेलं तोंड मिटलं. पदर डोळ्यांना लावला.

"उभे काय राहिले? बादलीभर पाणी आना," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "त्याची चाकं धुवा आधी. अन् भंगारवाल्याचं नाव काढान तं पाहा!"

जणू ते नाव रुपरावांनीच काढलं होतं! पण त्यांनी वाद घातला नाही. ते आईजवळ गेले, मान खाली घालून पुटपुटले, "माय, चुकलंच. सगळ्यांसमोर बैलांनी ओढून आणलं वं याले."

प्रयागबाईंनी बॉनेटवर हात फिरवला. सत्तावीस वर्षांचं ते लोखंड अजून तापलेलं होतं.

"जाऊ दे गा," त्या म्हणाल्या, "गोऱ्हा हाये अजून. शिकन हळूहळू."

आणि मग त्यांनी तोच हात पंचेचाळीस वर्षांच्या रुपरावांच्या डोक्यावरूनही फिरवला.