जित्यांचं मयत वाजवणारे कायतानमामा

आमच्या गावात ट्रंपेटवर मयताची चाल ऐकू आली की माणसं आधी आवाजाची दिशा बघतात. चर्चकडून आली तर कोणीतरी गेलं. बंधाऱ्याकडून आली तर अजून कोणी गेलेलं नाही, पण जायच्या तयारीत आहे.

बंधाऱ्याकडून वाजवणारे ते आमचे कायतानमामा. जिवंत माणसांचं मयत वाजवणारा दुसरा गृहस्थ निदान सावंतवाडी ते बांदा या पट्ट्यात तरी माझ्या पाहण्यात नाही.

बंधारा आमच्या नदीवरचा. दगडी खांब, खांबांच्या मध्ये लाकडी फळ्या, वरून चालायला स्लॅब. पावसाळा सरला की फळ्या बसवतात, पाणी तुंबतं, फळ्यांवरून सांडायला लागतं आणि खाली आंघोळीची जत्रा भरते. गोव्याला निघालेल्या गाड्या हायवे सोडून आत येतात. पोरं स्लॅबवरून उड्या मारतात. भजीचा गाडा लागतो. बघायला फार सुंदर. पण बंधारा म्हातारा झालाय. पाणी आपटून आपटून खालची फरशी फुटली आहे. तिथे खड्डा पडलाय आणि त्या खड्ड्यात पाणी गोल फिरतं, उतरलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतं. स्लॅबमधून सळ्या बाहेर डोकावतात. काठावर एक सरकारी फलक आहे: ‘पाण्यात उतरू नये’. त्यातलं ‘नये’ गंजून गेलंय. आता सरकार नुसतंच म्हणतं, ‘पाण्यात उतरू’.

या फलकाच्या बरोबर वर, काठाच्या उंचवट्यावर मामांचं घर. घरापुढे बसायचा दगडी बाल्कांव. तिथे मामा बसलेले. अंगात बँडचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पितळी बटणं चकचकीत. आणि कोटाच्या खाली लुंगी. मांडीवर ट्रंपेट. त्याला कोणी पिपाणी म्हटलं की संपलं.

“पिपाणी तुज्या बापाशीन फुकली आसतली जत्रेत! ह्यां ट्रंपेट! ट्रंपेट!”

जन्मभर मामांनी लग्नाच्या वरातीत हे ट्रंपेट वाजवलं. हिंदूंची लग्नं, ख्रिस्तांवांची लग्नं, पुढाऱ्यांची आगमनं, आणि चर्चच्या वाटेने जाणारी मयतं. आता त्यांनी सगळी विद्या बंधाऱ्याला वाहिली आहे. शहाण्यासारखं उथळ पाण्यात डुंबणाऱ्यांसाठी लग्नाची चाल. स्लॅबवर चढणाऱ्यांसाठी मयताची. खड्ड्याच्या दिशेने सूर मारू बघणाऱ्यासाठी मयताची चाल आणि वर शिव्या.

“मेल्या, उडी मारूच्या आदी तुज्या आवशीचो फोन नंबर सांगान जा! कळवूक बरां पडात!”

एकदा एक मोठी पार्टी आली होती. त्यातला एक तरुण बंधाऱ्याच्या मधल्या खांबावर उभा राहून शर्ट फिरवायला लागला. मामांनी मयताची चाल सुरू केली, अगदी जीव ओतून. खालच्या पाहुण्यांना ती फारच आवडली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकजण ओरडला, “वन्स मोर!”

मामा दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. “मयताक वन्स मोर!” भेटेल त्याला सांगत सुटले. “आजवर खंयच्या मड्यान मागूक नाय!”

दुसरा प्रसंग त्याहून भारी. भागीआजी म्हणजे आमच्या सरपंचांची आई. तेव्हा ती तापाने पडून होती आणि गावाने मनातून आशा सोडली होती. एका सकाळी वारा उलटा फिरला. बंधाऱ्यावरची मयताची चाल वळसा घालून चर्चच्या बाजूने वाडीत शिरली. चाल ख्रिस्तांवांची, आजी हिंदू, पण मयताची चाल ऐकल्यावर इतका विचार कोण करतो? खालच्या वाडीतल्या बायका थेट आजीच्या अंगणात येऊन रडायला लागल्या.

दार उघडून आजी स्वतः बाहेर आली. हातात पेजेची वाटी.

“कोण गेला गो?”

मग एकीने धीर केला. “तूंच गो आये.”

“अरे देवा,” आजी म्हणाली, “आणि माका कोणी सांगूक नाय तां!”

ताप त्याच दिवशी उतरला. दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत मामांच्या घरी गेली आणि तिने तासभर त्यांची शिव्यांनी आरती ओवाळली. मामा हात जोडून एवढंच म्हणाले, “आये, एक झाली ती झाली. तुजी खरी येळ येयत तेवा फुकट वाजवीन.” तेव्हापासून ती मामांना ‘मेल्या’शिवाय हाक मारत नाही.

आता थोडं माझं. आमचं घर चळवळीतलं; पत्रकांच्या गठ्ठ्यांना टेकून मी बसायला शिकले. त्यामुळे कुठे अन्याय दिसला की मला ठळक टायपात मथळे सुचतात. मामा मला हाकच ‘पत्रकबाय’ अशी मारतात. गेल्या हिवाळ्यात कॉलेजचा एक मुलगा त्या खड्ड्यात अडकला. भजीवाल्याने बांबू पुढे केला, मुलाला तो धरता आला, म्हणून वाचला. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं: ‘बंधारा की सापळा? आंघोळ कायमची बंद करा! काटेरी कुंपण घाला!’ शेवटी तीन उद्गारचिन्हं. माझं आजही मत आहे की माणसाच्या जिवापुढे भजी, गाड्या, पर्यटन सगळं दुय्यम आहे.

ग्रामसभा भरली. पाटबंधारे खात्याचे साहेब येऊन पाहणी करून गेले होते. ते उभे राहून नीट बोलले. खांब खालून पोखरलेत, फरशी नवी घालावी लागेल, फळ्या बदलाव्या लागतील. दुरुस्ती करा किंवा लोकांचं येणं बंद करा, पण आहे तसं चालू ठेवू नका. मी टाळ्या वाजवल्या. मग माझा हुकमाचा साक्षीदार पुढे काढला. जो माणूस रोज सकाळ-संध्याकाळ आंघोळवाल्यांच्या नावाने बोंब मारतो, त्याच्याहून मोठा साक्षीदार कोण?

“मामा, सांगा ह्यांका. तुमी कित्याक वाजयतास?”

मामा उठले. कोटाचं वरचं बटण लावलं.

“ह्यां चेडू खरां बोलता,” ते म्हणाले. “बंधारो म्हातारो झालो. मीय झालंय. पण म्हातारो झालो म्हणान तेच्याकडे कोणीच येवचा नाय, ह्यो खंयचो कायदो?”

सगळी सभा वळून माझ्याकडे बघायला लागली.

“तेका औषध करा. फरशी घाला, फळ्यो बदला. तंवसर कोणाक पाण्यात सोडू नकात. मागीर धोक्याच्या जाग्यार दोरी बांधा आणि पोरांका अलीकडे, उथळ पाण्यात न्हावंक देवा. दोरी वलांडून जो जातलो, तेका मी बघतंय.” आणि त्यांनी ट्रंपेट ओठाला लावलं.

मागून भागीआजी कडाडली, “मेल्या, आता फुकू नको! माका घराक जावचा आसा!”

हशा पिकला आणि त्या हशातच ठराव झाला. दुरुस्ती होईपर्यंत बंधारा बंद, पुढे दोरी बांधून चालू. माझं कुंपण वाहून गेलं.

बाहेर पडल्यावर मी मामांना गाठलं. “आयत्या वेळार फशी पाडलात माका!”

“गो पत्रकबाय,” ते म्हणाले, “कुंपण घातल्यार मी वाजयतलंय कोणाक? कावळ्यांक?”

मला तो विनोद वाटला. मी रागातच घरी गेले.

स्लॅबच्या तोंडाशी बंदीची दोरी तेवढी लगेच बांधली गेली. दुरुस्तीची फाइल वरच्या ऑफिसात जाऊन बसली. गाड्या यायच्या थांबल्या. भजीवाला गाडा घेऊन बांद्याच्या बाजारात गेला. नदीवर आवाज म्हणजे फक्त पाण्याचा. आणि ट्रंपेट एकदम गप्प.

आधी गावाला बरं वाटलं. मग चुकल्यासारखं व्हायला लागलं. एक दिवस भागीआजीने मला रस्त्यात अडवलं. “गो, तो मेलो आजारी-बिजारी आसा काय? हल्ली कोणाक मारूक नाय तेणां.”

मी म्हटलं, बघून येते. तसंही फाइल का अडली यावर मला नवं पत्रक काढायचं होतं. वाटेत फोटो घ्यावा म्हणून बंधाऱ्यावर गेले. एक सळी नीट दिसत नव्हती. दोरी होती कमरेएवढी. मी ती ओलांडली आणि एकच पाऊल स्लॅबवर टाकलं.

वरून मयताची चाल कोसळली.

ती नेहमीची चाल नव्हती. एरवी मामा दोन ओळींत माणसाला पुरून मोकळे होतात. आज त्यांनी मला घोळवून घोळवून पुरलं. ताना घेतल्या, खालच्या सुरात गेले, परत वर आले, आणि शेवटच्या वळणावर चक्क लग्नाच्या चालीत एक गिरकी मारून परत आले. मी दोरीच्या अलीकडे आले तरी थांबेनात.

“वर ये गो पत्रकबाय! च्या ठेवतंय!”

वर गेले. मामा कोट घालून बसलेले, बटणं घासून लखलखीत. म्हणजे कोणी येत नव्हतं तरी हे रोज तयार होत होते. भिंतीवर बँडचा जुना फोटो, सगळे याच लाल कोटात.

“ह्यातले खंय आसत आता?” मी विचारलं.

“दोगे चर्चच्या मागे. तेंच्या मयताक मीच वाजयलंय. बाकीचे पोरांकडे, गोव्याक. डीजे इलो, बँड गेलो. लगीन बोलवणा नाय, मयत बोलवणा नाय.” त्यांनी ट्रंपेटवरून लुंगीचं टोक फिरवलं. “हंय पोरां शिव्या दीत माका. पण ऐकत गो.”

मग लगेच आवाज चढवला. “आणि तू! शिकलेली! दोरी कित्याक वलांडलंस?”

मी चहा प्यायले. माझं मत मी बदललेलं नाही, दुरुस्तीचं पत्रक निघालं आणि त्यातही तीन उद्गारचिन्हं होती. फक्त रोज फोटोची खात्री करायला म्हणून मी बंधाऱ्यावर जायला लागले. दोरीवरून एक पाय पलीकडे टाकायचे, काठालगत, जिथे खाली पाणी नाही, पक्का खडक आहे तिथे. रोज माझं मयत थाटात व्हायचं.

ही गोष्ट गावात लपणार कशी? त्या रविवारी भागीआजी काठी टेकत बंधाऱ्यावर आली. दोरी तिला ओलांडता येईना. तिने काठीचं टोक तेवढं दोरीपलीकडे टेकलं आणि वर बघून ओरडली, “कायतान! मी मरतंय रे! वाजव!”

मामा उठून उभे राहिले. आम्ही दोघी मयताच्या चालीची वाट बघत होतो. त्यांनी लग्नाची लावली.

“ही खंयची रे?”

“तुजी मयताची वाजवन झाली आये!” मामा वरून म्हणाले. “ती एकदाच!”

आणि त्यांनी अख्खी चाल वाजवली, वरात दारात पोचेपर्यंतची. पाण्यात कोणी नव्हतं, काठावर आम्हा दोघींशिवाय कोणी नव्हतं. आजी दोरीला धरून ऐकत राहिली.

चाल संपली. मामा ट्रंपेट खाली ठेवणार, तेवढ्यात आजीने काठी उचलली.

“वन्स मोर, मेल्या!”