बर्फाच्या कोटाची ट्रायल

एका मंगळवारी, दुपारचा चहा झाल्यावर, मास्तरांनी स्वतःसाठी एक कोट शिवायचं ठरवलं. एवढंच. यात कुणाचं काही बिघडण्यासारखं नव्हतं, पण मास्तरांचं सगळं असंच सुरू व्हायचं.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. एकतीस वर्षं ते लोकांचे कोट शिवत आले होते. लग्नाचे, इंटरव्ह्यूचे, निरोपसमारंभाचे. स्वतःला मात्र त्यांनी कधी कोट शिवला नव्हता, कारण त्यांच्या गावात बाराही महिने माणसं रुमालाने मान पुसत असायची. पण त्या दुपारी एक जुनं गिऱ्हाईक अस्तर बदलायला कोट घेऊन आलं आणि जाताजाता त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. गिऱ्हाईक परदेशात गुडघाभर बर्फात उभं होतं, अंगात मास्तरांनी शिवलेला कोट.

मास्तर फोटोकडे इतका वेळ बघत राहिले की गिऱ्हाईक लाजलं. (त्याला वाटलं, आपण फोटोत बरे दिसतोय.) मास्तरांचं गिऱ्हाइकाकडे लक्षच नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेल्या डाव्या खांद्यावर बर्फाचे चार-पाच कण येऊन टेकले होते. आपला कोट तिथवर जाऊन आला, आणि आपण इथे याच स्टुलावर बसून होतो.

"कोट कशाला?" काकूंनी विचारलं. काकू म्हणजे मास्तरांची बायको. सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणायची.

"असाच."

"असाच म्हणजे? घालून जाणार कुठे?"

"बर्फात."

काकूंनी फ्रीजकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि कपबश्या उचलून आत गेल्या.

आतल्या खोलीत त्यांची लेक होती. तिला लहानपणापासून ठिणगी म्हणत आणि तिने त्या नावाला कधी कमीपणा येऊ दिला नव्हता. कॉलेज संपवून वर्षभर ती एका प्रयोगशाळेत नोकरी करत होती. तिला एका शब्दाचा भयंकर राग होता, तो म्हणजे 'बघू'. घरातली मोठी माणसं तिच्या जन्मापासून प्रत्येक गोष्टीला 'बघू' म्हणत आली होती आणि आजवर त्यांनी काहीही बघितलेलं नव्हतं.

ती बाहेर आली. "बाबा, बर्फात जायचंय तुम्हाला?"

"तसं नाही गं. बघू कधीतरी."

झालं. रात्रीच्या जेवणाआधी तिने तिघांची सहल पक्की केली. बर्फाचा देश, सहा दिवस, त्यात बर्फावरून घसरायला, म्हणजे स्कीइंग, शिकवणारा मास्तर धरून. ("म्हणजे तिथेही मास्तर असतात," असं म्हणून आमचे मास्तर उगाचच खूश झाले.) पासपोर्ट घरात होतेच. चार वर्षांपूर्वी एका भाच्याने परदेशातून फार आग्रहाने बोलावलं होतं, म्हणून काढले होते. पासपोर्ट हातात आल्यापासून भाचा फोन उचलत नव्हता.

काकूंनी पहिल्याच दिवशी आपली बाजू मांडली. "माझे गुडघे आहेत. मी काही घसरणार नाही. तुम्ही दोघं घसरा, मी खोलीत बसून खिडकीतून बघेन."

"आई, खिडकीतून बघायला एवढ्या लांब जायचं?"

"तिथली खिडकी वेगळी असेल ना."

मास्तरांना मात्र त्या दिवसापासून झोप गोड लागायला लागली. सकाळी दुकान उघडायच्या आधी ते कापडं कापायच्या टेबलाला धरून गुडघे वाकवून उभे राहत. मग दोन्ही हातांत मापाच्या लाकडी गजपट्ट्या घेऊन त्या जमिनीला टेकवत आणि डोळे मिटून जरा पुढे झुकत. एकदा एक बाई ब्लाउज घ्यायला आल्या आणि दारातूनच परत गेल्या. संध्याकाळी त्यांनी काकूंना बाजूला घेऊन विचारलं, "मास्तरांची पाठ धरलीय का?"

मग कपड्यांचा विषय निघाला.

"तिथे सगळं भाड्याने मिळतं," ठिणगी म्हणाली. "जॅकेट, पँट, मोजे सुद्धा. आपण काही न्यायचं नाही."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "भाड्याने?"

"हो."

"टेलरच्या घरची माणसं भाड्याचे कपडे घालणार?"

"बाबा, ते खास कापड असतं. आतलं पाणी बाहेर, बाहेरचं पाणी..."

"मला कापड शिकवतेस?"

(वडीलमाणसांची ही एक गंमत असते. त्यांना काहीही सांगायला गेलं, की त्यांना ते शिकवल्यासारखं वाटतं.)

मास्तरांनी तिघांचे सूट शिवायला घेतले. बाहेरून छत्रीचं कापड, आतून फ्लॅनेल आणि मध्ये दोन बोटं जाड भर, वरून गादीसारखी चौकड्यांची शिलाई. ट्रायलच्या दिवशी काकूंना सूट चढवला तेव्हा त्यांचे हात खाली जाईनात. ते दोन्ही बाजूंना असे उभे राहिले, जणू त्या कुणाला तरी मिठी मारायला निघाल्यात आणि कुणी भेटतच नाहीये.

"अहो, मला नाक खाजवायचंय."

"तिथे बर्फात नाक खाजत नाही," मास्तर म्हणाले आणि पाठीमागून टाचण्या लावत राहिले.

सगळ्यात शेवटी त्यांनी स्वतःचा कोट घेतला. तो त्यांनी कुणालाही दाखवला नाही. गडद निळा, उंच कॉलरचा. कॉलर त्यांनी तीनदा उसवून पुन्हा बसवली. खांद्याला तर हात लावून लावून कापड तुकतुकीत झालं. दुसऱ्यांच्या कोटाला त्यांनी कधी इतका वेळ दिला नव्हता, आणि दुसऱ्यांना ते कळलं असतं तर भांडणं झाली असती.

मास्तरांची कामाची एक पद्धत होती. खिसा शिवला की त्यात जी वस्तू जायची, तीच घालून बघायची. पेनाच्या खिशात पेन, चष्म्याच्या खिशात चष्मा. अंदाजावर ते जात नसत. परदेशात खिसे कापतात असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं (कुठे, ते सांगता येत नव्हतं), म्हणून स्वतःच्या कोटाच्या छातीशी, अस्तर आणि भर यांच्या मध्ये, त्यांनी एक चोरखिसा केला. आणि पद्धतीप्रमाणे त्यात पासपोर्ट घालून बघितला. बरोबर बसला.

तेवढ्यात शाळेच्या गणवेशाची ऑर्डर घेऊन मुख्याध्यापिका आल्या. पाऊण तास बटणांच्या रंगावर बोलणं झालं. त्या गेल्यावर मास्तर परत मशीनवर बसले आणि छातीच्या चौकड्या मारायला लागले.

मशीन जरा जड चालतंय, एवढं त्यांच्या लक्षात आलं. मग सुई मोडली. शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. मास्तरांनी कॅनव्हासच्या पिशव्यांसाठी ठेवलेली जाडी सुई चढवली, चाकाला हाताने जोर दिला आणि चौकड्या पुऱ्या केल्या. कोट अंगात घालून आरशासमोर उभे राहिले. छाती कशी ताठ आली होती.

"बघ," ते काकूंना म्हणाले, "याला म्हणतात कपड्याला अंग येणं."

व्हिसाच्या ऑफिसात शुक्रवारी जायचं होतं. बुधवारी ठिणगीने कागद लावायला घेतले. "बाबा, तुमचा पासपोर्ट?"

"ड्रॉवरमध्ये."

ड्रॉवरमध्ये दोनच होते. मग घर उलटंपालटं झालं. गाद्या उचलल्या, चिंध्यांची पोती ओतली, बटणांचे डबे पालथे घातले. मास्तरांनी नेहमीप्रमाणे स्वतःला सोडून सगळ्यांवर संशय घेतला.

"तू आवरतेस," ते काकूंना म्हणाले. "आवरलेली वस्तू मिळत नाही या घरात."

"तुम्ही सगळं इथेतिथे टाकता, म्हणून आवरते."

"बाबा, शेवटी कधी बघितलात?"

"मला सगळं आठवतं. मी खिशाचं माप घेत होतो."

"कुठल्या खिशाचं?"

तिघंही हळूहळू वळून हँगरवरच्या निळ्या कोटाकडे बघायला लागली. ठिणगी पुढे गेली आणि तिने कोटाच्या छातीवर बोटाने वाजवलं. टक टक, असा आवाज आला.

"कपड्याला अंग आलंय, नाही का," काकू म्हणाल्या.

अस्तर उसवलं. आत पासपोर्ट होता आणि त्याच्यातून आरपार शिलाई गेली होती, वरच्या पुठ्ठ्यापासून शेवटच्या पानापर्यंत. मास्तरांच्या फोटोत ती एका कानातून निघून नाकाखालून दुसऱ्या कानात शिरत होती. फोटोतले मास्तर तरीही गंभीर होते.

ठिणगीचा पारा चढला. "किती वेळा सांगितलं होतं? भाड्याने मिळतात कपडे. पासपोर्ट ड्रॉवरमध्ये राहू द्या. पण नाही. आमचं ऐकायचं म्हणजे तुमची..." ती पुढे बोलणार होती, पण मास्तरांनी चष्मा लावून, छोटा टाके-उसवणा घेऊन पासपोर्टातला एकेक टाका सोडवायला सुरुवात केली होती. पान फाटू नये म्हणून ते श्वास धरून काम करत होते. ती तिथेच उभी राहिली. मग तिने टेबलावरचा दिवा त्यांच्या बाजूला वळवला.

शुक्रवारी ऑफिसातल्या काउंटरवर एक साहेब होते. त्यांनी काकूंचा पासपोर्ट बघितला, ठिणगीचा बघितला, मास्तरांचा उघडला आणि उजेडाकडे धरला. भोकाभोकांतून उजेड आला.

"हे काय आहे?"

"शिलाई होती," मास्तर म्हणाले. "काढली आता."

"पासपोर्टला शिलाई? कुणी मारली?"

इथे खोटं बोलायला जागा होती. ठिणगीने मास्तरांच्या पायावर पायसुद्धा दिला. पण साहेब त्या भोकांच्या रांगेवरून बोट फिरवत होते, आणि रांग इतकी सरळ होती की मास्तरांना राहवेना.

"मीच मारली. इंचाला दहा टाके. बघा, एकही इकडेतिकडे नाही."

साहेबांनी पासपोर्ट मिटून परत सरकवला. नवीन काढावा लागेल म्हणाले. नवीन यायला दीड महिना. विमान अठरा दिवसांवर.

तिघं घरी आली. दारात चपला काढता काढता काकू म्हणाल्या, "आम्हीही नाही जात. पुढच्या वर्षी बघू."

"बघू नाही," मास्तर म्हणाले. ठिणगीने वर पाहिलं. हे वाक्य तिच्या बाबांच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं. "तुम्ही दोघी जा. अगं, कुणीतरी बघायला हवं. मला येऊन सांग. बर्फ पडतो तेव्हा आवाज येतो का, ते नीट ऐक. फोटोत आवाज कळत नाही."

"आणि तुम्ही?"

"गणवेश आहेत ना शाळेचे."

दोघी गेल्या. पहिल्या दिवशी ठिणगीने फोटो पाठवला. काकू हॉटेलच्या खिडकीशी, हात बाजूला पसरून. दुसऱ्या दिवशी काकू दाराबाहेर. त्यानंतर फोटो यायचे थांबले. मास्तर मशीनवर बसून फोनकडे बघत आणि बाह्या उलट्या जोडत. बायको एकटीच खोलीत बसली असेल, कंटाळली असेल, आपण नाही म्हणून तिचं मन लागत नसेल, असं त्यांना वाटायला लागलं. वाटून थोडं वाईट वाटलं, थोडं बरंही वाटलं. तिला फोनवर काय काय बोलून धीर द्यायचा, ते त्यांनी मनात तयार करून ठेवलं.

पाचव्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. मास्तरांनी हातातलं गणवेशाचं काम टाकलं आणि का कोण जाणे, निळा कोट चढवूनच फोन घेतला. पडद्यावर आधी नुसतं पांढरं दिसलं. मग काकूंचा लालबुंद चेहरा आला. त्यांना धाप लागली होती.

"काय गं, बरं आहे ना? गुडघे?"

"गुडघ्यांना काय झालंय?" काकू म्हणाल्या. "थांबा हं, एक फेरी राहिलीय, ही पोरगी पुढे निघून जाते."

"फेरी कसली?"

"घसरायची. आता मोठ्या उतारावरून येते मी. इथला मास्तर म्हणतो, माझा तोल उपजत आहे. बरं, ते परतीचं तिकीट चार दिवस पुढे ढकलता येतं का हो?"

मास्तरांची धीराची तयार केलेली वाक्यं सगळी वाया गेली होती. मागे बर्फ पडत होता, अगदी सावकाश, आणि काकूंच्या केसांवर टेकत होता.

"आवाज येतो का?" त्यांनी विचारलं.

काकू थांबल्या. फोन वर धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मास्तरांनी फोन कानाला लावला. काहीच ऐकू आलं नाही.

"नाही येत," काकू म्हणाल्या. "नुसतं गप्प गप्प होतं सगळं. छान वाटतं."

मास्तरांनी मान हलवली. मग लग्न झाल्यापासून जे कधी विचारलं नव्हतं, ते विचारून टाकलं. "माझी आठवण येते का गं?"

काकूंचा चेहरा मऊ झाला. त्या फोनच्या अगदी जवळ आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"येते ना. काल तर फार आली. भर उतारावर, शंभर माणसांदेखत, तुम्ही शिवलेली पँट मागून उसवली तेव्हा."